दुकानात नवा राउटर लागला? मुलगा गेल्यानंतरचा अर्धा तास तुमचा



समजा, कल्याण पश्चिमेला स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर तुम्ही एक छोटा गाळा भाड्याने घेतलाय. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पॅन कार्ड, लाइट बिल, असा धंदा. डिपॉझिट भरलं, मशिन आलं, बोर्ड लागला. सगळ्यात शेवटी ब्रॉडबँडचा मुलगा येतो. दहा मिनिटांत डबा भिंतीला लावतो, तुमच्या मोबाइलवर वायफाय जोडून देतो, "झालं काका" म्हणतो आणि पुढच्या कॉलला पळतो.

त्याचं झालं. तुमचं अजून सुरू व्हायचंय.

या डब्यातून काय काय जाणार आहे ते बघा. लोकांचे आधार कार्ड, जातीचे दाखले, बँकेचे पासबुक, मुलांच्या गुणपत्रिका. प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, बाकावर सहा मुलं बसलीत आणि नेमका तेव्हा प्रिंटर "ऑफलाइन" दाखवतोय, तर ती मुलं शेजारच्या दुकानात जातात आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जातात. म्हणून पहिल्याच दिवशी दुकान उघडण्याआधी अर्धा तास काढा. कम्प्युटरचं शिक्षण लागत नाही, एक लॅपटॉप, एक लॅन केबल आणि एक वही पुरते.

आधी एक जुनी गोष्ट, कारण ती आपल्याच बाजूची आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी माग काढला तो थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरापर्यंत. तिथल्या भाडेकरूचा स्फोटांशी संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका खासगी कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. तीन महिन्यांत तीन जागा, तिन्ही आपल्या लोकलच्या टप्प्यातल्या. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. माग निघतो तो कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारापर्यंत. तुमच्या गाळ्याचं बिल तुमच्या नावावर आहे ना?

चला, आता कामाला लागू.

वायर कुठली कुठे

फायबरची बारीक वायर ज्या डब्यात येते तो ओएनटी. काही ठिकाणी तोच राउटरचंही काम करतो, काही ठिकाणी तुमचा राउटर वेगळा असतो. वेगळा असेल तर ओएनटीच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल राउटरच्या "वॅन" पोर्टमध्ये जायला हवी. हा पोर्ट बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. नेट येत नाही म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यातल्या बऱ्याच या एका चुकीच्या भोकामुळे असतात. बटण चालू केलं की दोन मिनिटं काही करू नका, दिवे स्थिर होऊ द्या.

आता लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. हे काम वायफायवरून करू नका, कारण वायफायचं नाव बदललं की तुम्ही स्वतःच बाहेर फेकले जाता. राउटर उलटा करा, मागे स्टिकर असतो. त्यावर पत्ता लिहिलेला असतो, साधारण १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत तो इंग्रजी आकड्यांत टाइप करा. स्टिकर पुसलेला असेल तर विंडोजच्या नेटवर्क माहितीत "डिफॉल्ट गेटवे" शोधा, तोच तो पत्ता. या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भिंतीला टांगल्यावर स्टूल घेऊन चढावं लागतं!

दोन कुलपं, दोन किल्ल्या

इथे बहुतेक सगळे गोंधळतात. वायफायचा पासवर्ड म्हणजे दुकानाच्या शटरची किल्ली. राउटरचा ॲडमिन पासवर्ड म्हणजे गल्ल्याची किल्ली. मुलगा तुम्हाला शटरची किल्ली बदलून देतो, तीही बऱ्याचदा दुकानाचं नाव आणि पुढे १२३, किंवा तुमचा मोबाइल नंबर. तो नंबर तर तुमच्या बोर्डवरच छापलाय! आणि गल्ल्याची किल्ली तशीच राहते: ॲडमिन, ॲडमिन.

याने काय होतं ते जगाने २०१६ मध्ये पाहिलं. "मिराई" नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेल्या पासवर्डच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून बघितल्या आणि लाखो राउटर, सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच साधनांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले, त्यांना पत्ताही नव्हता.

म्हणून आत शिरल्यावर पहिलं काम ॲडमिन पासवर्ड बदलणं. मग वायफायचा. दोन्ही वेगळे, दोन्ही निदान बारा अक्षरांचे. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, मध्ये एखादा आकडा घाला. लक्षात राहतं आणि अंदाज लागत नाही. मुलगा समोर असेल तर सरळ सांगा, "दादा, पासवर्ड मी टाकतो." त्याला राग येत नाही.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ निवडा, जुने मोबाइल जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नका, ते कधीच फुटलंय. डब्ल्यूपीएस बंद. "रिमोट मॅनेजमेंट" बंद.

ओएनटीचंही स्वतःचं वायफाय असेल आणि तुम्ही पुढे वेगळा राउटर लावला असेल, तर ओएनटीचं वायफाय बंद करायला विसरू नका. नाहीतर पुढच्या दाराला भारी कुलूप आणि मागचं दार उघडं. काही कंपन्या ओएनटीचा ॲडमिन आपल्याकडे ठेवतात, तेव्हा त्यांच्या ॲपमधून किंवा कस्टमर केअरला सांगून बंद करून घ्या.

नेट आत यायचं म्हणजे "वॅन सेटिंग". कंपनीने युजरनेम आणि पासवर्ड दिला असेल तर प्रकार पीपीपीओई, दिला नसेल तर बहुधा डायनॅमिक आयपी. हे युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून मागून वहीत लिहाच. राउटर रिसेट झाला आणि ते हाताशी नसलं, की मुलगा येईपर्यंत दुकान बंद. मागचं रिसेटचं बारीक छिद्र साधारण दहा सेकंद दाबलं तर सगळं पुसलं जातं. "नेट स्लो आहे, जरा रिसेट करून बघतो" म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या हातातली टाचणी काढून घ्या. त्याला बंद-चालू करायचं असतं, रिसेट नाही.

सगळं बरोबर भरूनही नेट येत नसेल तर एक गोष्ट तपासा. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि तुमच्या राउटरचाही तोच, असं असू शकतं. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर असल्यावर पोस्टमनने काय करायचं? काही नवे राउटर हे स्वतः ओळखून पत्ता बदलतात, जुने बदलत नाहीत. लॅन सेटिंगमध्ये जाऊन आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा. सेव्ह केल्यावर पान बंद पडेल, घाबरू नका, आता नव्या पत्त्याने आत जायचं.

आता प्रिंटर. राउटर प्रत्येक साधनाला तात्पुरता नंबर देतो आणि तो बदलू शकतो. लाइट जाऊन आली की प्रिंटरला नवा नंबर मिळतो, कम्प्युटर मात्र जुन्या नंबरवर हाका मारत बसतो. तेच ते "ऑफलाइन". डीएचसीपीच्या पानावर "ॲड्रेस रिझर्व्हेशन" असतं, तिथे प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण माझ्या मते सबंध यादीत पैसा वाचवणारं हेच.

ग्राहक मोबाइलमधला फोटो पाठवायला वायफाय मागणारच. द्या, पण "गेस्ट नेटवर्क" चालू करून, त्याचा वेगळा पासवर्ड ठेवून आणि गेस्टला आतली साधनं दिसणार नाहीत हा पर्याय निवडून. तो पासवर्ड महिन्याला बदला. मुख्य पासवर्ड कामावरच्या मुलालाही देऊ नका, दुकानाच्या कम्प्युटरवर एकदा टाकून ठेवला की पुरे. मुलगा काम सोडून गेला तर त्याच दिवशी बदला.

फर्मवेअर अपडेट दिसत असेल तर करून घ्या, मात्र ते चालू असताना वीज जाऊ देऊ नका. यासाठी आणि एरवीसाठीही बारा व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. घेताना ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, आणि ओएनटीही त्यावर चालेल असा घ्या. नुसता राउटर जिवंत राहून उपयोग नाही.

जागा: उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर. आपल्याकडच्या दाट इमारतींत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या सगळ्यांची गर्दी असते, तिथे चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्या. लहान गाळ्यात कम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, भिंतीपलीकडे तो लवकर दमतो पण आत वेगवान असतो. आणि उंचावर हे पावसासाठीही. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनीचं पाणी ज्यांनी पाहिलंय, ते टेबलाखाली काही ठेवत नाहीत.

शेवटी सेटिंगच्या पानावर "बॅकअप" बटण असतं. ते दाबून फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, पेन ड्राइव्ह आणि वही घरी न्या. मग राउटर एकदा पूर्ण बंद करून चालू करा आणि एक पान प्रिंट काढून बघा. निघालं? उघडा शटर.