स्टीलची चकाकी : घरबसल्या धंदा, पण जपून

भंडारा जिल्ह्याची ओळख पितळी भांड्यांची. घरोघरी स्टील आले तशी पितळेची मागणी घटली. पण पॉलिशचा हात बसलेला कारागीर दिघोरीसारख्या गावातही स्टीलचे काम घेऊ शकतो. फक्त पितळेची रीत स्टीलला चालत नाही.

आरशासारखी चकाकी मसाल्याने येत नाही, आधीच्या घासण्याने येते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करावी, मग २२०, ४०० आणि ६००. दर नंबरला घासण्याची दिशा बदलावी आणि मागच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नये. त्यानंतर सुती कापडाचा बफ आणि हिरवा मसाला. पितळेवर वापरलेला बफ स्टीलला लावू नये. लोखंडी तारेचा ब्रश तर नकोच. त्याचे कण रुतून बसतात आणि गंजाचे डाग पडतात.

नग बफच्या मध्याच्या खाली धरावा. सैल बाही नको. चष्मा आणि तोंडाला मास्क हवा. मजुरी वजनावर नव्हे, ओरखडे पाहून ठरवावी, कारण वेळ तिथेच जातो.

एक इशारा. ओळखीचा माणूस शेतीरक्षणाच्या बंदुकीचा भाग चमकवायला आणेल. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रच धरले जातात आणि दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. मालकाचा परवाना आपल्या कामी येत नाही. असे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच पाठवावे. चार पैशांच्या मजुरीसाठी पोलीस ठाण्याचे खेटे घालण्यात बरकत नाही. भांडी, नळ, कठड्यांचे पाइप यांत रोजी भरपूर आहे.