पाठीत बिजागरी असलेलं कासव

कासवाच्या पाठीवरचं कवच त्याच्याच बरगड्या आणि मणके त्वचेतल्या हाडांशी एकजीव होऊन बनलेलं असतं. अशी पाठ वाकणार कशी? आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला राहणाऱ्या ‘किनिक्सिस’ प्रजातीच्या कासवांची पाठ मात्र वाकते. संकट दिसलं की कवचाचा मागचा भाग खाली ओढला जातो, पोटाकडच्या कवचाला जवळजवळ टेकतो आणि मागचे पाय, शेपटी आत बंद होतात. पुढून डोकं आत आणि त्याच्यापुढे खवल्यांनी मढलेले पाय आडवे.

ही बिजागरी जन्मजात नसते, याचं मला फार अप्रूप वाटतं. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाची पाठ इतर कासवांसारखीच अखंड असते. वाढत्या वयात कवचाच्या मागच्या भागात एका आडव्या रेषेवर हाडांची पकड सैल होते आणि तिथे लवचीक तंतुमय ऊती तयार होते. म्हणजे हे संरक्षण सर्वांत दुबळ्या पिल्लांच्या वाट्याला येतच नाही. अमेरिकेतल्या बॉक्स कासवांनाही बिजागरी असते, पण ती पोटाकडच्या कवचात. आपल्या तळ्यांमधल्या मऊ पाठीच्या कासवाला पोटाखाली मागे झडपा असतात. पाय आत घेतले की त्या मिटतात. पाठीच्या हाडातच सांधा निर्माण करण्याची किमया किनिक्सिसचीच.

यांचं खाणंही चकित करणारं आहे. पाला, गळलेली फळं, अळंबी, गांडुळं, गोगलगायी, भुंगेरे, सगळं चालतं. झिम्बाब्वेत अभ्यासलेल्या ‘स्पीकचं कासव’ या किनिक्सिसच्या जातीच्या आहारात अळंबीबरोबर वाणी किडेही होते. डिवचलं की वाणी अंगातून उग्र, दाहक रसायन सोडतो. पुष्कळ प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, हे कासव मात्र त्याला खुशाल चावून खातं. वाण्याच्या कवचात आणि गोगलगायीच्या शंखात कॅल्शियम भरपूर असतं, आणि कवच वागवणाऱ्या, अंडी घालणाऱ्या प्राण्याला ते हवंच.

गवताळ रानातल्या जाती कोरडा ऋतू बिळात किंवा खडकांच्या कपारीत निपचित काढतात आणि पाऊस पडला की बाहेर येतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांत राहणाऱ्या ‘होमचं कासव’ आणि ‘करवती कडांचं कासव’ या जातींना वर्षभर ओल लागते. करवती कडांचं कासव दलदलीत रमतं, चांगलं पोहतं. त्याच्या नराच्या पोटाकडच्या कवचाचं टोक गळ्याखालून पुढे आलेलं असतं, दुसऱ्या नराला धडका द्यायला ते कामी येतं.

कुत्र्यांच्या नाकापुढे आणि माणसाच्या हातापुढे बिजागरीचा काहीच उपयोग नाही. मांसासाठी शिकार होते, जंगल तोडून शेती होते, शिवाय पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी ही कासवं परदेशी धाडली जातात. ओल्या पाचोळ्यात वाढलेला जीव प्रवासात पाण्यावाचून सुकतो, त्यात पोटात जंत; अनेक कासवं पोहोचल्यावर लवकरच मरतात. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार या व्यापाराला परवाना लागतो. तरीही होमचं कासव आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.