समुपदेशकाच्या पाठीशी कोण?

मन आजारी पडले तर समुपदेशकाकडे जावे, हे आता आपल्या वस्त्यांतही पटू लागले आहे. परंतु त्या समुपदेशकाचे काम कोण पाहतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. बँकेत एकाने व्हाऊचर लिहिले की दुसरा तपासून सही करतो, आणि तेथे तर नुसता आकड्यांचा मामला! मनाच्या उपचारातही अशी पद्धत आहे. तिला ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’ म्हणतात. नवा समुपदेशक ठरल्या दिवशी ज्येष्ठापुढे बसतो, नाव न सांगता रुग्णाची हकीकत मांडतो, आणि काय ऐकले व काय ऐकायचे राहिले याचा दोघे मिळून विचार करतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यात याचा अनुभव येतोच.

खरी मेख पुढेच आहे. समजा, पाथर्डीकडचा आपला एखादा मुलगा नगरला वसतिगृहात राहतो. त्याला झोप लागत नाही. ‘छातीवर धोंडा ठेवल्यासारखे होते’ एवढेच तो सांगतो. समुपदेशक ‘परीक्षेचा ताण’ असे लिहून मोकळा होतो. आडनाव सांगताना तो का अडखळला, हे विचारलेच जात नाही. कारण ज्याला आडनाव सांगताना कधी विचार करावा लागला नाही, त्याला तो प्रश्न सुचतच नाही. अशा वेळी ज्येष्ठाने सौम्यपणे विचारावे, ‘हे का टाळलेस? संकोच कशाचा वाटला?’ अर्थात, आपल्या माणसाचे प्रत्येक दुःख जातीपायीच असते असे धरून चालणे हीसुद्धा चूकच. थायरॉईडच्या विकारानेही माणूस उदास होतो.

घरात रोज बुद्धवंदना होते, तरी आजीच्या अंगात येते, अशीही घरे आहेत. तेथे समुपदेशक हसला की ते कुटुंब पुन्हा पायरी चढत नाही. दुसरे असे की, आपली मुलेमुली या क्षेत्रात जाऊ लागली आहेत, आणि कधी रुग्णाच्याच तोंडून त्यांना जातीवरून बोल ऐकावे लागतात. ते सल उघड करायलाही हीच जागा आहे.

याचा धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांत अनेक दलित होत्या, कित्येकींनी शाळा पाहिलेली नव्हती. त्यांना शिकवून गावी धाडले, पण वाऱ्यावर सोडले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, गावच्या अडचणी मांडीत आणि एकमेकींकडून शिकत. ही काही मानसोपचाराची सुपरव्हिजन नव्हे, पण तिचा गाभा हाच आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये उपचारात जातीवरून भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. मात्र बंद खोलीत कोणता प्रश्न राहून गेला, हे कायद्याला दिसत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणाची जागा निवडताना सुपरव्हिजन किती वेळ व कोणाकडून मिळेल, हे आधी विचारून घ्यावे. पालकांनीही समुपदेशकाला हे विचारायला लाजू नये. तातडीच्या वेळी शासनाची २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.