दहा पौंडांचा कारखाना
बर्मिंगहॅमच्या ‘ऑस्टिन’ची आणि तिथल्या कामगारांची हकीकत

९ मे २००० रोजी इंग्लंडमध्ये एक सौदा झाला. बर्मिंगहॅम शहराच्या नैऋत्येला असलेला लाँगब्रिजचा मोटार कारखाना जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने चार इंग्रज गृहस्थांच्या ‘फिनिक्स’ गटाला विकला. किंमत होती दहा पौंड. एवढ्या पैशात तिकडे पान्यांचा एक बरासा संचही आला नसता. पाच वर्षांनी, एप्रिल २००५ मध्ये, हा कारखाना बंद पडला आणि सुमारे सहा हजार माणसे घरी बसली. कारखाने बंद पडणे आपल्याकडेही नवे नाही. परंतु लाँगब्रिजचा हिशेब उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात धंद्याच्या चुका आहेत, मालकांची लबाडी आहे आणि आपल्या पुण्याचाही एक धागा आहे.

हर्बर्ट ऑस्टिन या इंजिनिअरने १९०५ साली लाँगब्रिज येथे बंद पडलेला एक छापखाना घेतला व तिथे मोटारी बनवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांची कामे आली आणि कामगारांची संख्या वीस हजारांवर गेली. त्यांना राहायला जागा नव्हती म्हणून ऑस्टिनने अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून देवदार लाकडाचे तयार बंगले जहाजाने मागवले. अशी सुमारे दोनशे घरे उभी राहिली. ती वस्ती ‘ऑस्टिन व्हिलेज’ या नावाने आजही आहे आणि लोक त्या लाकडी घरांत राहतात. १९२२ साली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी गाडी आली व मध्यमवर्गीय इंग्रजाला मोटार परवडू लागली.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याच्या पोटात बोगदे खणून तिथे विमानांच्या इंजिनांचे भाग बनवले गेले. १९५९ साली अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ‘मिनी’ बाहेर पडली. इंजिन आडवे बसवलेले, चाके अगदी कोपऱ्यांत, दहा फुटांच्या गाडीत चार माणसे! गाडी जगभर गाजली. सगळे मिळून ५३ लाखांहून अधिक मिनी तयार झाल्या. पण व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. मिनीची मूळ किंमत ठेवली होती ५०० पौंडांच्याही आत. प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीने एक मिनी विकत घेऊन तिचा खिळा न् खिळा मोकळा केला, प्रत्येक भागाचा खर्च मांडला आणि निष्कर्ष काढला की ही गाडी विकताना कंपनीला दर गाडीमागे सुमारे ३० पौंडांचा तोटा होत असावा. कंपनीने हे कधी मान्य केले नाही. तरीही माल खपतो आहे म्हणजे नफा होतो आहे, असे समजण्याची सवय त्या कारखान्याला तेव्हापासून लागली असे म्हणायला जागा आहे.

पुढचा इतिहास मालक बदलण्याचा आहे. १९५२ साली मॉरिसशी विलीनीकरण झाले होते. १९६८ साली ब्रिटिश लेलँड झाली. १९७५ साली ती बुडण्याच्या बेतात आली तेव्हा सरकारने ताब्यात घेतली. १९८८ साली ब्रिटिश एरोस्पेसला १५ कोटी पौंडांना विकली. १९९४ साली बीएमडब्ल्यूने सुमारे ८० कोटी पौंड मोजून ती घेतली.

सत्तरच्या दशकातले लाँगब्रिज संपांसाठी बदनाम झाले. सुमारे पंचवीस हजार कामगार, अनेक युनियन्स आणि रोज कुठल्या तरी खात्यात काम बंद. कामगार नेते डेरेक रॉबिन्सन यांना वर्तमानपत्रांनी ‘लाल रॉबो’ हे नाव दिले होते. नोव्हेंबर १९७९ मध्ये व्यवस्थापनाने त्यांना कामावरून काढले. फेब्रुवारी १९८० मध्ये कारखान्यासमोरच्या कॉफ्टन पार्कच्या मैदानात सभा भरली आणि त्यांच्यासाठी संप करावा की नाही यावर हात वर करून मतदान झाले. सुमारे चौदा हजार विरुद्ध सहाशे अशा फरकाने कामगारांनी संप नाकारला. त्याच वर्षी यंत्रमानवांच्या साह्याने बनणारी ‘मेट्रो’ बाजारात आली. सगळा दोष संपांवर टाकणारे लोक अजून आहेत. पण जपानी व जर्मन कारखाने नवे मॉडेल काढत होते आणि इथे जुन्याच साच्यावर वर्षानुवर्षे पत्रा ठोकला जात होता, तो निर्णय काही कामगारांचा नव्हता.

मार्च २००० मध्ये बीएमडब्ल्यूने हात झटकले. रोव्हरपायी रोज वीस लाख पौंड जातात असे तेव्हा बोलले जात होते. १ एप्रिल २००० रोजी बर्मिंगहॅममध्ये हजारो लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्यानंतर काही आठवड्यांत तो दहा पौंडांचा सौदा झाला. बीएमडब्ल्यूने नव्या मिनीचे हक्क स्वतःकडे ठेवले, लँड रोव्हर फोर्डला विकली आणि लाँगब्रिज घेणाऱ्यांना वर ४२ कोटी ७० लाख पौंडांची रक्कम कर्जरूपाने दिली. चौघांनी स्वतःच्या खिशातून प्रत्येकी ६० हजार पौंड घातले. फाटकावर कामगारांनी त्यांचे प्रमुख जॉन टॉवर्स यांचे जयजयकाराने स्वागत केले. शेवटची जुनी मिनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाईनवरून उतरली.

नवीन मॉडेल आखायला मोठे भांडवल लागते आणि ते या मंडळींकडे नव्हते. मग त्यांनी तयार गाडीवर आपला शिक्का मारण्याचा मार्ग धरला. इथे पुणे येते. टाटांची ‘इंडिका’ पुण्यात बनत होती. डिसेंबर २००२ मध्ये करार झाला आणि २००३ च्या शरद ऋतूत इंडिकाच ‘सिटीरोव्हर’ या नावाने इंग्लंडमध्ये विक्रीला आली. सुरुवातीची किंमत ठेवली ६,४९५ पौंड. इंग्रज ग्राहकाने या किमतीत इतर कंपन्या काय देतात ते पाहिले आणि पाठ फिरवली. दोष पुण्याच्या कारागिरांचा नव्हे. स्वस्त म्हणून घेतलेला माल महाग करून विकण्याची घाई नडली. घाऊक बाजारातून थान आणून आपले लेबल लावणारा प्रत्येक दुकानदार हे गणित जाणतो : लेबलाची किंमत गिऱ्हाईक देईल तेवढीच.

तोवर हातातली चीजवस्तू विकणे सुरू झाले होते. कारखान्याची जमीन विकून तीच भाड्याने घेतली. २००४ साली दोन प्रमुख गाड्यांचे व इंजिनांचे हक्क सुमारे ६ कोटी ७० लाख पौंडांना चीनच्या शांघाय ऑटोमोटिव्ह कंपनीला दिले. शांघायशी भागीदारी होईल ही शेवटची आशा होती. परंतु ज्याला नकाशे आधीच मिळाले, तो कर्जात बुडालेला कारखाना कशाला घेईल?

एप्रिल २००५ च्या पहिल्या आठवड्यात पुरवठादारांनी उधारीवर माल द्यायचे थांबवले. सुटे भाग संपले, लाईन थांबली. ७ तारखेला संध्याकाळी मंत्री पॅट्रिशिया ह्यूईट यांनी कंपनी बुडाल्याचे सांगितले, कंपनीने ते नाकारले आणि दुसऱ्या दिवशी ते खरे ठरले. मालकाच्या तोंडून नव्हे, तर टीव्हीच्या बातम्यांतून कामगारांना आपली नोकरी गेल्याचे कळले. सरकारने आठवडाभराच्या पगारासाठी ६५ लाख पौंड दिले. १५ एप्रिलला सुमारे पाच हजार लोकांच्या कपातीची घोषणा झाली. लाईनवर अर्धवट गाड्या जशाच्या तशा उभ्या राहिल्या, कुणाला दरवाजे होते, कुणाला चाके नव्हती.

भरपाई कायद्याप्रमाणे मिळाली. तो हिशेब असा. आठवड्याचा पगार कितीही असो, २८० पौंडांपर्यंतच धरला जाई. नोकरी चाळीस वर्षांची असली तरी वीसच वर्षे मोजली जात. दर वर्षाला एक आठवडा, वय ४१ च्या पुढच्या वर्षांना दीड आठवडा. म्हणजे आयुष्य तिथे घालवलेल्याला जास्तीत जास्त ८,४०० पौंड. एका गोष्टीत मात्र नशिबाने साथ दिली. पेन्शन वाचवण्याचा सरकारी निधी ६ एप्रिल २००५ रोजी, कारखाना बुडण्याच्या दोनच दिवस आधी सुरू झाला होता.

आणि मालकमंडळी? सरकारी तपासणी अधिकाऱ्यांचा अहवाल सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार भागीदार व मुख्य कार्यकारी अधिकारी अशा पाच जणांनी पगार आणि पेन्शन मिळून सुमारे ४ कोटी २० लाख पौंड घेतल्याचे त्यात नमूद होते. २०११ साली चौघा भागीदारांवर कंपनी संचालक होण्यास बंदी आली. पैसे परत करण्याचा प्रश्न मात्र आला नाही. कामगारांसाठी जो विश्वस्त निधी उभा राहायचा होता त्यात शेवटी सुमारे २२ हजार पौंड उरले. वाटले असते तर माणशी तीन-साडेतीन पौंड. कामगारांच्या वतीने ती रक्कम आजारी मुलांच्या धर्मादाय शुश्रूषागृहाला देण्यात आली.

जुन्या कामगारांच्या बोलण्यात ‘रोव्हर’ हा शब्द कमी येतो. कंपनीचे नाव कितीदाही बदलले तरी त्यांच्यासाठी ती ‘ऑस्टिन’च. बाप ऑस्टिनमध्ये, मुलगा ऑस्टिनमध्ये, नातू तिथेच उमेदवार म्हणून लागलेला, अशी घरे त्या भागात गल्लोगल्ली होती. गोंगाट, रंगाचा वास, रात्रपाळीतल्या थट्टामस्करी हे ते हसत सांगतात. हाताला काम गेल्याचे दुःख त्यांना आहेच, पण हातातले कसब कुणालाच नको झाले याचे जास्त आहे.

अभ्यासकांनी तीन वर्षे या लोकांचा माग ठेवला. बहुतेकांना काम मिळाले. कुणी शाळेत मदतनीस झाले, कुणी वाहने चालवू लागले. परंतु सरासरी वार्षिक कमाई पाच हजार पौंडांहून अधिक घटली होती. पुरवठादारांचे त्या मानाने बरे निभावले. २००० सालच्या भीतीनंतर त्यांच्यापैकी अनेकांनी सरकारी मदतीने इतर गिऱ्हाइके शोधून ठेवली होती, म्हणून पाच वर्षांनी खरा धक्का बसला तेव्हा वाटले होते त्याहून कमी कारखाने बुडाले. एकाच पेढीवर विसंबून माल काढणाऱ्या आपल्या छोट्या कारागिरांनी या पाच वर्षांकडे जरूर पाहावे.

यंत्रे चीनच्या नानजिंग कंपनीने सुमारे ५ कोटी ३० लाख पौंडांना घेतली आणि उचकटून जहाजावर चढवली. लाँगब्रिजला थोडीशी जुळणी पुढे पुन्हा सुरू झाली होती, तीही २०१६ मध्ये थांबली. आज त्या जागेवर दुकाने, घरे आणि कॉलेजची इमारत आहे. ‘एमजी’ हे नाव शांघायच्या कंपनीकडे गेले आणि २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या गुजरातमधल्या हालोल येथे बनतात. ‘रोव्हर’ हे नाव आधी फोर्डने घेतले आणि २००८ साली जग्वार-लँड रोव्हरबरोबर ते टाटांकडे आले. ज्यांची गाडी रोव्हरने आपला शिक्का मारून विकली होती, त्यांच्याच तिजोरीत आता तो शिक्का आहे. त्या नावाची गाडी मात्र कुणी बनवत नाही.

बंद पडल्याच्या दुसऱ्या वर्षापासून जुने कामगार एप्रिल महिन्यात कॉफ्टन पार्कच्या मैदानात जमू लागले. ज्या मैदानात १९८० साली हात वर झाले होते, तिथे ते आपल्या जुन्या ऑस्टिन, मिनी, मेट्रो आणि रोव्हर गाड्या धुऊन-पुसून ओळीने उभ्या करतात.