पार्सिपनीच्या छतावरची वीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पार्सिपनीतल्या मराठी घरांत सोलरचा विषय निघाला की पुण्या-मुंबईचा अनुभव आणि दारावर आलेल्या विक्रेत्याचं बोलणं यांची सरमिसळ होते. न्यू जर्सीचे नियम वेगळे आहेत. ते माहीत असले तरच पैसे कुठे वाचतात ते कळतं.

गैरसमज : इथल्या थंडीत सोलर चालत नाही.
वस्तुस्थिती : पॅनलला प्रकाश लागतो, उष्णता नव्हे. पॅनलचं तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दर अंशाला क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. हिवाळ्यात वीज कमी मिळते ती लहान दिवसांमुळे आणि साचलेल्या बर्फामुळे. तरीही दक्षिणमुखी, बिनसावलीच्या छतावर एका किलोवॉटमागे वर्षाला सुमारे १२०० युनिट मिळतात.

गैरसमज : पॅनल असले की वीज गेली तरी दिवे चालू राहतात.
वस्तुस्थिती : ग्रिडची वीज गेली की साधी यंत्रणा आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून हा नियम आहे. २०१२ च्या सँडी वादळानंतर पॅनल असलेली अनेक घरंही म्हणूनच अंधारात होती. अशा वेळी वीज हवी असेल, तर बॅटरी आणि तिला साजेशी जोडणी लागते.

गैरसमज : दिवसा घरी कोणी नसतं, मग वीज वाया जाते.
वस्तुस्थिती : नेट मीटरिंगमुळे ग्रिडला दिलेलं जादा युनिट बिलात युनिटला युनिट वळतं होतं. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मात्र घाऊक दरच मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवू नये.

गैरसमज : सरकार सोलर फुकट देतं.
वस्तुस्थिती : ‘फुकट’ म्हणजे बहुधा लीज किंवा वीजखरेदीचा करार, २० ते २५ वर्षांचा. पॅनल कंपनीचे, सवलतीही कंपनीच्या. घर विकताना करार नव्या मालकाच्या गळ्यात घालावा लागतो किंवा मिटवावा लागतो. स्वतः विकत घेणाऱ्यांना मिळणारी ३० टक्के फेडरल करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. राज्याची विक्रीकर आणि मालमत्ताकरातली सूट आहे, शिवाय दर १००० युनिटांमागे १५ वर्षं प्रोत्साहन रक्कम मिळते.

गैरसमज : टाउनहाउसवाल्यांना हे जमत नाही.
वस्तुस्थिती : छताची देखभाल मालकाकडे असेल, तर २००७ च्या कायद्यानुसार घरमालकांच्या असोसिएशनला सरसकट बंदी घालता येत नाही. छत सामाईक असेल, तर कम्युनिटी सोलरचं, म्हणजे दुसरीकडे उभारलेल्या सामाईक सोलर प्रकल्पाचं, सदस्यत्व घेऊन बिलात सवलत मिळवता येते.

सही करण्याआधी गेल्या १२ महिन्यांची बिलं काढा, छताचं वय आणि झाडांची सावली तपासा, किमान तीन कोटेशन घ्या, करारातली वार्षिक दरवाढ वाचा. दारात उभ्या विक्रेत्यासमोर त्याच दिवशी सही करू नका.