कोणत्या वेशीतून?

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) जुन्या तटबंदीतून शहरात शिरणाऱ्याने दिल्ली दरवाजाने यावे की माळीवाडा वेशीतून, हे एकदा ठरले म्हणजे पुढच्या गल्ल्यांचा तपशील ओघानेच उलगडत जातो. संगणकाच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून प्रोग्राम चालविणाऱ्यासही प्रथम वेसच ठरवावी लागते, कारण प्रोग्राम हा अनेक दालनांचा वाडा, आणि आरंभ कोणत्या दालनापासून करावयाचा, हे यंत्रास स्वबुद्धीने उमगत नाही.

१९७२ च्या सुमारास आकारास आलेल्या 'सी' भाषेने 'मेन' नावाच्या फंक्शनपासूनच आरंभ व्हावा, असा जाबता घालून दिला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथनने ती सक्ती ठेवली नाही; पहिल्या ओळीपासून खाली वाचीत व करीत जावे, एवढाच तिचा रिवाज. सोय मोठी, पण तिच्यात एक खोच आहे.

प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ऊसबिल हा आपल्या जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा विषय. तेव्हा दाखला त्याचाच घेऊ. समजा, एका फाइलीत वजनावरून रक्कम काढणारे फंक्शन आहे आणि तळाशी सर्व सभासदांची बिले छापण्याच्या ओळी आहेत. दुसऱ्या कारकुनाने केवळ ते फंक्शन हवे म्हणून ती फाइल 'इम्पोर्ट' केली, म्हणजे उसनी घेतली, की तळाच्या ओळीही अंमलात येऊन, कोणी न मागता, बिलांचे भेंडोळे प्रिंटरमधून बाहेर पडू लागते! यावर तोड अशी की, थेट हुकुमाने चालविलेल्या फाइलीस पायथन 'मेन' हे नाव देते आणि उसनी घेतलेलीस तिचे स्वतःचे. म्हणून 'नाव मेन असेल तरच' अशी अट छपाईच्या ओळींवर घालावी.

१९९५ च्या जावाचा शिरस्ता निराळा: हुकुमातच क्लासचे नाव सांगावयाचे, त्यामुळे 'मेन' असलेले चार क्लास एकत्र नांदले तरी तंटा नाही. २०१८ साली तिच्या अकराव्या आवृत्तीत एखादी फाइल सरळ चालविण्याची मुभा मिळाली आणि फाइलीतील पहिला क्लास तोच आरंभाचा, असे ठरले. परिणामी क्लासांच्या ज्या क्रमास पूर्वी कोणी विचारीत नसे, त्यावरच सारे अडू लागले. मला पायथनची अटच अधिक सुसंस्कृत वाटते, मग तिच्यातील नावांभोवतीचे दुहेरी अधोरेषांचे कुंपण पाहून नवशिका दचकला तरी बेहत्तर. आपली फाइल दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तळाशी ती अट आहे ना, एवढे वाचकांनी अवश्य पाहावे.