बाप्तिस्म्याचं पाणी आणि तारण

रायपूरच्या गोल बाजारात मसाले, पूजेचं साहित्य, लग्नाचा बस्ता असं सगळं एका फेरीत मिळतं. गिऱ्हाईकही सर्व धर्मांचं. एकमेकांचे सण इथे सगळ्यांना पाठ असतात, पण बाप्तिस्म्याचा विषय निघाला की समज एवढाच असतो: पाणी शिंपडलं, माणूस ख्रिस्ती झाला. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा हे दाखवणारी मराठी माणसाची गोष्ट रायपूरच्या शेजारचीच आहे.

१८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. राजनांदगाव रायपूरपासून सत्तरेक किलोमीटरवर. डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. टिळक तो वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले, ते कायमचे. बाप्तिस्मा मात्र झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत. मधला काळ वाचनाचा आणि घालमेलीचा होता. विश्वास आधी आला, पाणी मागाहून. पतीबरोबर पत्नी आपोआप ख्रिस्ती झाली असंही घडलं नाही. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं हिंदूच राहिल्या. जातीचे विचार मनातून गळून पडल्यावर, स्वतःच्या निर्णयाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास आहे.

दुसरा समज असा, की त्या पाण्यात काही शक्ती असते. पाणी साधंच असतं: नदीचं, विहिरीचं, नळाचं. त्यावर प्रार्थना करतात, पण अर्थ पाण्यात शोधायचा नसतो. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो सांगितला आहे. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं. अंगावरचा मळ धुण्याशी याची गाठ घालू नये, हे पेत्राच्या पत्रातही स्पष्ट आहे.

आता सगळ्यात मोठा प्रश्न. बाप्तिस्मा घेतला की तारण पक्कं झालं का? पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळायचा आहे. १९०७ मधल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिलं. एवढ्या विद्वान बाईने, जगभर नाव झाल्यावर, हे कबूल करावं याचं मोल मला फार वाटतं. विधी पार पडला म्हणून आतलं काम पुरं झालं, असं त्यांनी मानलं नाही.

मग बाप्तिस्मा नसेल तर तारण नाहीच का? येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराला बाप्तिस्म्याची संधीच नव्हती, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. कॅथलिक चर्च बाप्तिस्मा तारणाला आवश्यक मानतं, पण ज्यांना शुभवर्तमान कळलं आणि तो मागणं शक्य होतं त्यांच्यासाठी. मनापासून इच्छा असूनही त्याआधीच मृत्यू आला, तर ती इच्छाच पुरेशी धरली जाते. १८८२ पासून भारतात असलेल्या मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मीत) तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत. आणि टिळकांनी १९१७ मध्ये काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या मंडळात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त येऊ शकत होते.

याचा अर्थ बाप्तिस्मा नुसता उपचार आहे, असाही घेऊ नये. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि लूथरन मंडळ्यांच्या मते देव त्या विधीत खरोखर कृपा करतो. बॅप्टिस्ट मंडळ्या त्याला आधी ठेवलेल्या विश्वासाची जाहीर कबुली मानतात, म्हणून तान्ह्या बाळांना तो देत नाहीत. हा मतभेद जुना आणि खरा आहे. तरीही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा दोन्ही पद्धतींच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. शिंपडायचं की बुडवायचं यावर तारण अवलंबून नाही. नाव बदलण्याचीही सक्ती नाही. टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले.

कायद्याबद्दलचा गोंधळही इथलाच. १९६८ च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायद्याला आव्हान देणारे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस रायपूरचे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला: धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या निकालाने बाप्तिस्म्यावर बंदी आली, असं काही जण सांगतात. तसं झालं नाही. स्वतःच्या सदसद्विवेकाने कोणी दुसरा धर्म स्वीकारणं न्यायालयाने वेगळं मानलं. त्या कायद्याने बळजबरी, आमिष आणि फसवणूक यांवर बंदी घातली आणि विधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक केलं. बळजबरीबद्दल चर्चचा स्वतःचा नियम तर आणखी कडक आहे: प्रौढ माणसाने बाप्तिस्मा स्वतः होऊन मागितला पाहिजे, आणि त्याच्या मनाविरुद्ध डोक्यावर पाणी घातलं तर कॅथलिक चर्च तो बाप्तिस्मा झालाच नाही असं धरतं.